गाडी उभी आहे

कोकणात बंद पडलेल्या गाडीबद्दल विचारलं तर ‘टाकून दिली’ असं उत्तर मला कधी मिळालेलं नाही. "उभी आहे," एवढंच सांगतात. कधीपासून? "झाली की बारा-तेरा वर्षं." टायर जमिनीत रुतलेले असतात, दाराच्या तळातून पलीकडचं अंगण दिसत असतं, सीटवर कोंबडी अंडी उबवत असते, तरी गाडी ‘उभी’ असते. गेली आठ वर्षं मी अशा उभ्या गाड्यांचे फोटो काढतोय. यंदाची फेरी तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात केली. केळशी ते देवगड, पाच दिवस, सगळा किनाऱ्याकिनाऱ्याचा रस्ता.

हा आठवडा मुद्दाम निवडला. पावसात गाडीवर चढलेल्या वेली तेव्हा अजून हिरव्या असतात, सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, गवत मात्र पिवळं झालेलं असतं. भात कापून झालेलं असतं, खळी सारवलेली असतात, आकाश धुतल्यासारखं असतं. आणि सकाळी दंव पडतं. या कामात दंवासारखी मदत कशाचीच नाही. कोरडा गंज फोटोत मातकट आणि एकसुरी दिसतो. ओला झाला की त्याच्यातले थर उघडतात: नारिंगी, तांबडा, विटकरी, मधेच काळपट जांभळा. ऊन वर येऊन पत्रा सुकेपर्यंत जेमतेम तासभर मिळतो. बाकीचा दिवस गाड्या शोधायचा आणि माणसांशी बोलायचा.

सोबत मामेभाऊ होता. त्याचं पुण्यात गॅरेज आहे. मला उजेडातलं कळतं, त्याला पत्र्यातलं. आणखी एक गोष्ट बरोबर होती: चार वर्षांपूर्वी देवगड तालुक्यात काढलेल्या एका जीपच्या फोटोंचा लिफाफा. तो पोचवायचा राहिला होता, आणि राहायला नको होता.

पहिला दिवस: बाणकोटच्या खाडीपलीकडे

पहाटे चारला पुणं सोडलं. ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा करत दहाच्या आत बागमांडल्याच्या जेट्टीवर पोचलो. समोर सावित्रीची रुंद खाडी. फेरीबोटीत गाडी चढवली, पलीकडे वेश्वीला उतरलो, की रायगड संपून रत्नागिरी जिल्हा सुरू.

केळशीच्या अलीकडे एका वाडीत पोफळींमधून काहीतरी पिवळं चमकलं. गावाचं नाव लिहीत नाही. या लेखात कुठल्याच गाडीचा नेमका पत्ता नाही. त्याचं कारण चौथ्या दिवसात येईल.

गाडी पद्मिनी होती. नुसती पद्मिनी नाही, मुंबईची काळी-पिवळी. पिवळा रंग फक्त टपावर शिल्लक होता, तोही उन्हाने पिठूळ झालेला. खालच्या काळ्या रंगाला सगळीकडे फोड आले होते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे रंग आतून फुगतो आणि मग खपली धरून निघतो. मामेभावाने दाराच्या खालच्या कडेला नखाने हलकंच टोचलं तर तिथे पत्रा नव्हताच, नुसता रंगाचा पापुद्रा उभा होता.

माझा एक नियम आहे. घरातलं माणूस ‘हो’ म्हणेपर्यंत कॅमेरा पिशवीतून बाहेर काढायचा नाही. ओसरीवर एक काका सुपाऱ्या निवडत बसले होते, पंचाहत्तरीचे असतील. मी विचारलं, "काका, गाडी तुमची?"

"माझीच. उभी आहे. बघा की."

एकतीस वर्षं त्यांनी मुंबईत टॅक्सी चालवली, गिरगावापासून दादरपर्यंतच्या गल्ल्या पाठ. शेवटची गाडी ही. धंदा सोडला तेव्हा भंगारवाल्याने कटिंगसाठी मागितली. "चार पैसे आले असते," काका म्हणाले, "पण हिच्यावर दोन मुलींची लग्नं झाली. हिला हातोडा लागताना मी बघणार नव्हतो." मग ते स्वतः चालवत गाडी गावी घेऊन आले. तोच तिचा शेवटचा लांबचा प्रवास.

पद्मिनीची गोष्ट माझ्या पिढीला तोंडपाठ असायला हवी. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाटच्या परवान्यावर गाड्या काढायला सुरुवात केली. १९५०च्या दशकातली ती गोल नाकाची, जिला आपण सगळेच डुक्कर फियाट म्हणायचो. १९६४ साली ‘फियाट ११०० डिलाइट’ आली, आणि तिचंच नाव १९७४ मध्ये पद्मिनी झालं, चितोडच्या राणीवरून. इंजिन १०८९ सीसीचं, गिअरची दांडी स्टिअरिंगला. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे आणि शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २००३ सालची होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. काकांना ती तारीख माहीत होती. त्या दिवशी टीव्हीवर बातमी लागली तेव्हा ते उठून बाहेर गाडीपाशी येऊन उभे राहिले होते. हे त्यांच्या बायकोने आतून सांगितलं. काका काही बोलले नाहीत.

टपाला मधोमध खोल पोचा आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा या वाडीतल्या निम्म्या पोफळी आडव्या झाल्या. त्यांपैकी एक हिच्यावर पडली. घराची कौलं उडाली, गोठा बसला. तो पोचा पावसात भरतो आणि त्यात बुलबुल अंघोळ करतात. मी तिथे पोचलो तेव्हा तळाशी थोडं पाणी होतं, त्यात पोफळीचा शेंडा उलटा दिसत होता. त्या पाण्यासाठी मी शिडी मागून घेतली. भिंगाला पोलरायझर लावून फिरवला की पाण्यावरची चमक जाते आणि तळाचा गंज दिसतो. परत फिरवला की आकाश येतं. दोन्ही फोटो घेतले. मला आकाशाचा आवडला, मामेभावाला गंजाचा.

गाडीच्या आत अंधार आणि काचेबाहेर लख्ख ऊन, अशा वेळी एका फोटोत दोन्ही सापडत नाही. तिपाईवर कॅमेरा लावून कमी, मध्यम आणि जास्त उजेडाचे तीन फोटो घेतले, नंतर एकत्र करायला. स्पीडोमीटरची काच गेली आहे आणि त्या खळग्यात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलंय. तांबड्या मातीचे बोराएवढे पाच गोळे, एकाला एक चिकटलेले, प्रत्येकाला बाहेर पडल्याचं भोक. काटा अजून आहे, शून्यावर. तो काटा आणि ते पाच गोळे, एवढ्यावरच माझी चाळीस मिनिटं गेली.

निघताना काका आतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. टॅक्सीचा जुना यांत्रिक मीटर. लोखंडी, वजनदार, वर उभा पत्र्याचा झेंडा. काकांनी तो ओसरीच्या कठड्यावर ठेवला, फडक्याने पुसला आणि झेंडा खाली पाडला. आत ‘टिंग’ झालं. इतकी वर्षं समुद्राची हवा खाऊनही ती घंटा स्वच्छ वाजली. काकांनी झेंडा परत वर केला आणि मीटर फडक्यात गुंडाळला. त्या क्षणाचा फोटो मी काढला नाही. हात वर गेला नाही.

दुसरा दिवस: हर्णै, दाभोळ, गुहागर

आंजर्ल्याची खाडी ओलांडून हर्णैला पोचलो. बंदरावर लिलावाची गडबड होती. होड्यांमधून मासळी बैलगाडीवर, बैलगाडीतून वाळूवर. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे. चाकाचं लोखंडी पाटं रोज खाऱ्या पाण्यात बुडतं आणि रोज वाळूने घासलंही जातं, म्हणून ते चकचकीत असतं. इथलं जे काम करतं ते चकाकतं. जे थांबलं त्याला हवा खाते.

बंदरापासून थोडं वर, केवड्याच्या बेटाला टेकून एक मॅटाडोर उभी होती. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने १९६९ पासून ही गाडी काढली. ‘टेम्पो’ हा आपला शब्दसुद्धा तिथूनच आलाय, जर्मनीत हँबुर्गला या नावाच्या गाड्या बनायच्या. महाराष्ट्रात मॅटाडोरने काय वाहिलं नाही? वऱ्हाड, भाजी, शाळेची पोरं, बर्फ, पेंढा. या गाडीने वीस वर्षं मासळी वाहिली. म्हणूनच तिची अवस्था मी पाहिलेल्या सगळ्या गाड्यांत वाईट होती.

मामेभाऊ आत वाकून बघत राहिला. इंजिनाची जागा दोन सीटांच्या मधे, ती रिकामी. हौद्याचा तळ गायब, खाली थेट वाळू आणि तिच्यातून वर आलेली समुद्रवेल. "दादा, हिला बाहेरच्या हवेने नाही, आतल्या पाण्याने खाल्लं," तो म्हणाला. मासळीचा बर्फ वितळतो, त्याचं खारं पाणी पत्र्याच्या सांध्यांत उतरतं आणि तिथेच राहतं. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू लागतो. मीठ असलं की पाण्यातून वीज सहज वाहते आणि ती सगळी क्रिया जोर धरते. शिवाय मीठ हवेतलं बाष्प ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसला तरी पत्रा कधी पुरता सुकत नाही. पुण्यात तीस वर्षं टिकणारा सांगाडा इथे दहा वर्षांत चाळण होतो. टप मात्र शेवटपर्यंत राहतं, कारण पाऊस त्याच्यावरचं मीठ धुऊन टाकतो. कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक उभ्या गाडीत हे दिसेल: वरून धड, खालून पोकळ.

हीच हवा कॅमेऱ्यालाही लागते. किनाऱ्यावर तासभर काम केलं की भिंगावर दिसेल न दिसेलसा खारा पडदा येतो आणि उजेडाकडे तोंड केलं की सगळा फोटो दुधाळ होतो. कोरड्या कापडाने पुसलं तर मिठाचे कण घासले जातात. कापड किंचित ओलं करून आधी मीठ उचलायचं, मग कोरडं फडकं. रात्री तिपाईचे पाय गोड्या पाण्याने धुवायचे. पहिल्या दोन वर्षांत हे न केल्याने एक तिपाई गेली.

मॅटाडोरचा मालक भेटला नाही. बाजूच्या जाळी विणणाऱ्या बाबांनी सांगितलं, तो आता नौकेवर असतो, रात्री येईल. मी पुरावा म्हणून लांबून एकच फोटो घेतला आणि बाबांकडे माझा नंबर ठेवला. मालकाचा फोन आला तर पुन्हा जाईन. मामेभाऊ म्हणाला, कोण विचारतंय, काढून टाक. पण हौद्याच्या फाळक्यावर आतल्या बाजूने खडूने कुणाकुणाची उधारी लिहिलेली अजून दिसत होती. नावं आणि आकडे. दुसऱ्याच्या वहीचं पान न विचारता कसं उघडायचं?

दुपारी दाभोळहून फेरीबोटीने वाशिष्ठी ओलांडून धोपावे, तिथून गुहागर. सुरूच्या बनात संध्याकाळ. तिथे वाळूवर एक जुनी लाकडी होडी पालथी होती. लाकूड गंजत नाही, ते रेषेरेषेने उलगडत जातं. लोखंडाचे फक्त खिळे, आणि प्रत्येक खिळ्याखाली लाकडावर ओघळलेला एकेक तांबडा अश्रू. मी गाड्यांसाठी आलो होतो, पण तिच्यापाशी अंधार पडेपर्यंत बसलो.

तिसरा दिवस: चिरेखाणीतला ट्रक

हेदवीवरून तवसाळ, तिथून फेरीबोटीने जयगड. शास्त्री नदीची खाडी. तिन्ही दिवस एकेक फेरीबोट झाली, आणि मला त्या पुलांपेक्षा आवडतात, कारण त्यांवर माणसांशी बोलणं होतं. जयगडच्या बोटीवर एका डंपरवाल्याने सांगितलं, "बंद खाणीत जुना टाटा आहे. आमच्याच शेठचा. फोन लावून देतो."

शेठनी परवानगी दिली आणि एक ताकीदही. "दगड उचलू नका. फुरसं असतं."

सड्यावरची चिरेखाण ज्याने पाहिली नाही त्याला ती जागा सांगणं कठीण आहे. वर सपाट काळपट कातळ, त्यावर पिवळं गवत, आणि मधेच जमिनीत कापलेला तीस-चाळीस फूट खोल चौकोन. भिंती सरळ, त्यांवर यंत्राच्या पात्याच्या आडव्या-उभ्या रेघा, जणू आखीव वही. तळाशी पावसाचं हिरवट पाणी साठलेलं. आणि पाण्याच्या कडेला, मागची चाकं अर्धी बुडालेली, एक टाटा १२१०.

मी वर उभा राहून नुसता बघत होतो. ट्रक दिसायला वेळ लागला. खाणीची भिंत आणि ट्रक यांचा रंग एकच होता.

याला कारण आहे. १८००च्या सुमारास फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश वैद्याने मलबारात लोक जमिनीतून विटा कापून काढताना पाहिले आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्या दगडाला लॅटेराइट नाव दिलं, लॅटिनमधल्या ‘वीट’ या शब्दावरून. आपला जांभा तोच. हजारो पावसाळ्यांनी खडकातलं विरघळणारं सगळं धुऊन नेलं आणि मागे मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं राहिली. जांभ्याचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे जवळजवळ तोच जो या ट्रकच्या हौद्यावर आहे. चिरा जमिनीतून काढतात तेव्हा मऊ असतो, पात्याने कापता येतो, आणि हवा लागली की घट्ट होत जातो. म्हणून तर कोकणातली घरं दीडदीडशे वर्षं उभी आहेत. पत्र्याचं उलटं. तो कारखान्यातून घट्ट येतो आणि हवेत सैल होत जातो. या ट्रकने चिरे वाहून किती घरं उभी केली असतील, आणि आता तो स्वतः चिऱ्याच्या रंगाचा होऊन चिऱ्यांच्या तळाशी उभा आहे.

रंगाबद्दल एक कामाची गोष्ट. अशा ठिकाणी कॅमेऱ्याचं स्वयंचलित व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल आपोआप सांभाळणारी सोय, दगा देतं. चौकटीत सगळंच तांबडं असलं की कॅमेरा ते ‘दुरुस्त’ करायला जातो आणि गंज निळसर, मेलेला दिसतो. मी ते उन्हाच्या आकड्यावर, ५२०० केल्विनच्या आसपास, बांधून ठेवतो आणि हलवत नाही.

खाली उतरायला जुनी ट्रकची वाट होती. टेल्कोने, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सने, डाइमलर-बेंझबरोबर १९५४ मध्ये ट्रक सुरू केले, तेव्हा पुढच्या जाळीवर मर्सिडीजचा तारा असायचा. १९६९ ला करार संपला आणि ताऱ्याच्या जागी टाटांचा ‘टी’ आला. या ट्रकवर त्याची फक्त गोल जागा उरली होती. केबिनच्या आत लाकडी फळीवर रंगवलेलं जास्वंदीचं फूल, हाताने काढलेलं, पाकळ्यांच्या कडा पांढऱ्या. लाकडावरचा रंग पत्र्यावरच्या रंगाहून किती जास्त टिकला. त्या फुलाच्या शेजारी कुणी ‘आईचा आशीर्वाद’ लिहिलंय, त्यातला ‘आईचा’ धड आहे.

मी केबिनमध्ये चढणार तेवढ्यात मामेभावाने थांबवलं आणि माझ्या पिशवीतली जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी सीटवर मारली. फाटलेल्या काथ्यात एक विंचू हिरवा-निळा पेटला. विंचू या उजेडात चमकतात, म्हणून मी ती बॅटरी बाळगतो. कोकणातला लाल विंचू साधासुधा नाही. एकेकाळी त्याच्या दंशाने इथे माणसं, विशेषतः मुलं, दगावायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर चालतं हे दाखवून दिलं आणि ते मृत्यू फार कमी झाले. गावागावांतून फिरताना अशा माणसाची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. जुन्या गाड्यांत शिरणाऱ्या प्रत्येकाला सांगणं आहे: बूट, जाड पँट, काठी. आणि हात आधी कधीही घालायचा नाही.

केबिनचे फोटो मी बाहेरूनच, खिडकीतून घेतले. विंचवाला उठवलं नाही. जागा त्याची होती.

रात्री रत्नागिरी. दिवसभरात दोनशे फोटो, त्यांतले ठेवण्यासारखे चार.

चौथा दिवस: जीप

पावस, पूर्णगड, आडिवरे, जैतापूर. हा रस्ता सुंदर आहे आणि त्याच्यावर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं. मांडीवर लिफाफा होता.

चार वर्षांपूर्वी देवगड तालुक्यातल्या एका आंब्याच्या बागेत मला एक महिंद्राची जीप भेटली. उंच बॉनेटची जुनी बांधणी. महिंद्राने आपल्याकडे १९४७ पासून जीपची जुळणी सुरू केली, आणि या उंच बॉनेटच्या जीपने पुढे कितीतरी वर्षं घाटवाटा आणि बागा सांभाळल्या. नंबरपाटी जुनी, ‘एमएच’ ही अक्षरं १९८९ पासून आली त्याच्या आधीची, तीन अक्षरांची. त्या घरातल्या आजींनी मला जेवू घातलं, जीपची गोष्ट सांगितली. मी फोटो काढले. घरी आल्यावर त्यांतला सगळ्यात चांगला फोटो मी सगळ्यांना बघायला टाकला, आणि खाली गावाचं नाव, वाडीचं नाव, देवळापासून कुठे वळायचं तेही लिहिलं. आनंदात लिहिलं. तीन महिन्यांनी एका ओळखीच्याने सांगितलं की त्या जीपचे दिवे, स्टिअरिंग आणि पुढची पाटी कुणी रातोरात काढून नेली. जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांना असे अस्सल भाग हवे असतात. कुणी नेले ते कळलं नाही. वाट मी दाखवली होती.

त्यानंतर मी कुठलाही पत्ता लिहिलेला नाही. आणि त्या घरी जायचं धैर्य व्हायला चार वर्षं लागली.

आजी खळ्यातच होत्या. नुकतंच सारवलेलं खळं, मधे तुळस, तिच्याशी उसाची कांडी बांधलेली, आदल्या संध्याकाळच्या लग्नातल्या अक्षता अजून तिथेच पडलेल्या. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"परत इलास? मी म्हटलंय, फोटोवालो आता काय येवचो नाय."

मी बसायच्या आधीच सांगून टाकलं. आजी, गावाचं नाव मी लिहिलं होतं, माझ्यामुळे दिवे गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जीपकडे.

"तुमी थोडेच काडलास? कोणी नेल्यानी तेंका गरज असतली." थोडं थांबून म्हणाल्या, "पण लाईटी गेल्यार ती आंधळी दिसता. ता माका बरा वाटना नाय."

जीप मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपटाच्या, कडेला होती, तिथेच. दिव्यांच्या जागी दोन गोल भोकं. एका भोकातून आंब्याची डहाळी आत शिरून बॉनेटखाली गेलेली. आजोबांनी ही कोल्हापुराहून जुनी घेतली होती. लाकडी पेट्यांचे दिवस होते. पहाटे बागेतून पेट्या भरायच्या आणि मुंबईच्या ट्रकपर्यंत पोचवायच्या, दिवसाला पाच-सहा फेऱ्या. डाव्या मडगार्डवर आजोबा बसून विडी ओढायचे, तेवढ्या भागातला रंग झिजून पत्रा गुळगुळीत झालाय. आश्चर्य म्हणजे तिथेच गंज सगळ्यात कमी आहे. मामेभाऊ म्हणाला, वर्षानुवर्षं कपड्याचं तेल-घाम घासून बसलंय. मला ते खरं की खोटं ठरवायची इच्छा झाली नाही. मी हात ठेवून पाहिला. ऊन लागून तो भाग उबदार होता.

मग मला पुढच्या बंपरवरचा हार दिसला. झेंडूचा, वाळून तपकिरी झालेला. दसऱ्याचा.

"दरवर्षी घालता," आजी म्हणाल्या. "ते होते तेव्हा ते घालीत. आता मी. गाडी उभी आसा म्हणान काय झाला, पूजा चुकवूची नाय."

आणि बंपरच्या खाली, बरोबर हाराच्या रेघेत, झेंडूची रोपं होती. सात-आठ, गुडघ्याएवढी, फुलांनी भरलेली. कुणी लावली नव्हती. मागच्या वर्षीचा हार तिथेच वाळला, बी खाली पडलं, मृगाच्या पावसात रुजलं. यंदाच्या दसऱ्याचा हार आजींनी त्याच रोपांच्या फुलांचा केला होता. तुळशीच्या लग्नाची फुलंही तिथलीच.

मी आडवा होऊन, गाल जमिनीला टेकवून, पस्तीस मिलिमीटरच्या भिंगाने तो फोटो घेतला. खाली जिवंत फुलं, वर वाळलेला हार, मधे बंपरची कड, मागे दोन रिकामी भोकं. उजेड दुपारचा होता, कडक, मी एरवी ज्या उजेडात कॅमेरा काढत नाही तो. थांबायला वेळ होता, पण मी थांबलो नाही.

लिफाफा दिला. आजींनी फोटो एकेक करून पदराने पुसत पाहिले. दिव्यांसकट जीप. मग म्हणाल्या, "माझो पण काड एक." आत जाऊन लुगडं बदलून आल्या आणि मडगार्डला टेकून उभ्या राहिल्या, त्या झिजलेल्या जागेवर हात ठेवून. "हसूचा काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्हाला वाटलं तर. त्या हसल्या नाहीत. फोटो चांगला आलाय.

तोपर्यंत मामेभाऊ दिव्यांच्या भोकांची मापं घेत होता. सात इंची. एका कागदावर त्याने स्क्रूंच्या जागाही काढून घेतल्या. मला काही बोलला नाही.

पाचवा दिवस: फोंडा घाट

परतीचा दिवस. सकाळी दंव होतं, पण कॅमेरा काढला नाही. नांदगाव, फोंडा, दाजीपूरचं जंगल, राधानगरी. वाटेत एका घराच्या पडवीत एक लॅम्ब्रेटा दिसली, तिच्यावर तूर वाळत घातलेली. थांबलो नाही, पुढच्या वेळेसाठी ठेवली.

कोल्हापुरात मामेभावाने गाडी परस्पर जुन्या सामानाच्या गल्लीत घातली. तिसऱ्या दुकानात कागद दाखवल्यावर दुकानदाराने वरच्या फळीवरचा डबा उतरवला. दोन रिंगा, दोन दिवे. एका रिंगेवर छोटा पोचा आहे, काच धड. मामेभावाने दिवे उजेडाकडे धरून बघितले, घासाघीस न करता पैसे दिले आणि दोन्ही पुढारीच्या कागदात गुंडाळून मागच्या सीटवर, तिपाईच्या शेजारी ठेवले.

"शिमग्याला आजींचा मुलगा येतो म्हणाल्या ना," तो गाडी सुरू करत म्हणाला. "त्याच्या आधी जाऊन बसवून येऊ. वायरिंग नाही करत. नुसते बसवू."